४००० फोटो, पण संत्री फक्त ५००

हे प्रकरण लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं, पण सर रिटायर होईपर्यंत लिहायचं नाही असं मीच ठरवलं होतं. आता झालेत ते रिटायर. मागच्या महिन्यात त्यांना विचारलं तर म्हणाले, लिही की, फक्त माझं नाव टाकू नको, कॉलेजचं टाकू नको, पण चूक कुठे झाली ते मात्र नीट लिही, गोलमोल नको. म्हणून नीट लिहून राहिले, लांबलं तर लांबू दे.

प्रसंग थोडक्यात असा. मी सरांकडे पीएचडी करत होते, विषय संत्र्याची कॅमेऱ्याने प्रतवारी. बेल्टवरून फळ जाणार, वर कॅमेरा, आणि कॉम्प्युटर सांगणार की हे एक नंबर, हे दोन नंबर, हे बाजूला. लॅबमध्ये आमचं मॉडेल, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्राम, १०० पैकी ९८ फोटो बरोबर ओळखत होतं. त्यावर पेपर लिहिला, एका चांगल्या जर्नलने किरकोळ दुरुस्त्या सांगून तो घेतला पण. दुरुस्त्या करून परत पाठवायच्या आधी सर म्हणाले एकदा कळमन्यात लावून पाहू, मग पाठव. कळमना म्हणजे नागपूरचा घाऊक फळबाजार. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे लावलं. आणि तिथे ते इतकं चुकलं की छाटणी करणाऱ्या एका मावशींनी आमच्या मशीनने "बाजूला" टाकलेल्या क्रेटमधून एक फळ उचललं, सोललं, अर्धं माझ्या हातात दिलं अन् म्हणाल्या, "खाऊन त पाह्य ताई, हे काहून फेकून राहिली तुमची मशीन?"

गोड होतं. एकदम गोड होतं.

आधी सरांबद्दल

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सरांनी १९८० च्या दशकात पीएचडी केली, हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं कॉम्प्युटरने ओळखायची यावर. तेव्हा हा विषय करायचा म्हणजे कानपूर आयआयटी आणि कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही दोन नावं सारखी तोंडात. सिन्हा आणि महाबला यांचा देवनागरी लिपी मशीनने ओळखण्यावरचा पेपर १९७९ चा, आणि योगायोगाने जपानच्या ओत्सूंचा थ्रेशोल्डवरचा पेपर पण १९७९ चाच, त्यामुळे हे साल सरांच्या प्रत्येक लेक्चरमध्ये यायचंच. ओत्सूंची पद्धत साधी आहे आणि आजही रोज वापरली जाते. फोटोतल्या सगळ्या ठिपक्यांचा उजेड मोजायचा आणि अशी एक रेघ शोधायची की तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे ठिपके एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील. शाई एकीकडे, कागद एकीकडे. रेघ कुठे ओढायची ते माणसाने सांगावं लागत नाही, फोटोच सांगतो.

देवनागरीत पहिली अडचण शिरोरेषेची. इंग्रजी अक्षरं छापील असली की सुटी असतात, आपला सगळा शब्द वरून एका रेघेला लटकलेला. मग काय करायचं तर ओळीत आडवे आडवे काळे ठिपके मोजायचे, ज्या पट्ट्यात सगळ्यात जास्त येतील ती शिरोरेषा, ती पुसली की माळेतला दोरा ओढल्यासारखी अक्षरं सुटी होतात. छापील मजकुराला हे छान चालतं. पण हाताने लिहिणारा माणूस शिरोरेषा वाकडी ओढतो, मध्येच सोडतो, काहीजण ओढतच नाहीत, आणि सरांची पाच वर्षं त्यातच गेली.

त्या पीएचडीसाठी सरांनी कागद छापून घेतले होते, त्यावर चौकोन, आणि ते कागद घेऊन ते शाळेत, पोस्टात, कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांकडे फिरले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याचा नंबर. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांच्या गाइडने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्या माणसाचं अक्षर मशीनला शिकवताना वापरलं तो माणूस टेस्टमध्ये येता कामा नये. ज्याच्या हातचा क शिकवला त्याच्याच हातचा क परीक्षेत विचारला, तर मशीनने क ओळखला की तो माणूस ओळखला हे तुला कसं कळणार?

मशीन लर्निंग शिकणारं प्रत्येक पोरगं ज्याच्यावर हात साफ करतं त्या एमनिस्टची पण हीच गोष्ट आहे. हाताने लिहिलेले आकडे, ६०००० शिकवायला आणि १०००० टेस्टला. मूळ अमेरिकन सरकारी डेटात एक संच जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला होता, तो स्वच्छ, आणि दुसरा शाळेतल्या पोरांनी लिहिलेला, तो घाणेरडा, आणि मूळ योजना अशी की शिकवायचं कर्मचाऱ्यांच्या अक्षरावर आणि टेस्ट पोरांच्या अक्षरावर. लेकून नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सोबतच्यांनी दोन्ही संच मिसळले, म्हणजे दोन्ही प्रकारचे लोक दोन्हीकडे आले, पण मिसळताना एक गोष्ट पाळली, शिकवण्यातला माणूस टेस्टमध्ये नाही. सरांना हे इतकं आवडायचं की दरवर्षी नवीन बॅचला ते सांगायचेच. मीही दोनदा ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि तरी माझ्या कामात ते लावलं नाही, कारण संत्री काही कोणी लिहीत नाही ना, असं काहीतरी डोक्यात असावं.

अक्षरांनंतर सर पोताकडे वळले, म्हणजे टेक्श्चर. हॅरालिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की फोटोत कोणत्या करड्या छटेशेजारी कोणती करडी छटा किती वेळा येते याचा तक्ता केला आणि त्यातून १४ आकडे काढले तर जमीन, जंगल, दगड असं बरंच वेगळं ओळखता येतं. कापड, लाकूड, पानावरचे डाग, सरांनी २० वर्षं या तक्त्यांवर काढली आणि त्यात त्यांचा हात बसला होता. मग २०१२ आलं. इमेजनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरने फोटो ओळखायच्या, स्पर्धेत टोरांटोच्या टीमचं अॅलेक्सनेट १५.३ टक्के चुकांवर थांबलं आणि दुसऱ्या नंबरवाल्याच्या चुका २६.२ टक्के. हा फरक पुढे जाण्याचा नव्हता, रस्ताच बदलल्याचा होता. कोणते आकडे मोजायचे हे आता माणूस ठरवणार नव्हता, थरांचं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, स्वतः शोधणार होतं. ज्या माणसाने आयुष्यभर आकडे हाताने निवडले त्याला पन्नाशी ओलांडल्यावर हे पाहावं लागणं सोपं नसतं, मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी त्या वर्षानंतर शिकणं सोडून दिलं. सर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर आमच्या एमटेकच्या पोरांशेजारी बसून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले, प्रश्न विचारताना वयाचा विचार केला नाही. मला त्यांच्याकडेच पीएचडी करायची होती ती यामुळे.

डेटा कसा जमला

इथेच सगळं आहे म्हणून थोडं सावकाश सांगते. विदर्भात संत्र्याचे मुख्य दोन बहार. आंबिया म्हणजे जानेवारी फेब्रुवारीत फुलतो आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मृग म्हणजे पाऊस लागला की जून जुलैत फुलतो आणि फळ फेब्रुवारी मार्चमध्ये. मला फेलोशिपचं वर्ष संपायच्या आत डेटा हवा होता, म्हणून २०१८ च्या फेब्रुवारी मार्चमध्ये निघालेला मृग धरला. काटोलकडच्या तीन बागांमधून मिळून ५०० फळं आणली. लॅबमध्ये निळा ट्रे, वर कॅमेरा, छताला ट्यूबलाइट. निळा कारण केशरी आणि निळा हे रंगचक्रात समोरासमोर, फळ मागच्या रंगापासून वेगळं काढायला ओत्सू पुरतो. प्रत्येक फळ थोडं थोडं फिरवून ८ फोटो. झाले ४००० फोटो.

चांगली फळं पहिल्या दोन दिवसांत मिळाली. खराब फळं, म्हणजे लाल्या (सालीवरचे तांबूस डाग) पडलेली, खरचटलेली, देठाकडून सडायला लागलेली, ती एका बागवान काकाजींनी बाजूला ठेवून दिली होती आणि ती माझ्या हातात चौथ्या दिवशी आली. मधल्या दिवशी लॅबमधली एक ट्यूब गेली होती आणि वॉचमन दादांनी दुसरी लावली. मी त्याची नोंद पण केली नाही, कोण करतं?

मग इमेजनेटच्या फोटोंवर आधीच शिकलेलं रेसनेट नावाचं ५० थरांचं जाळं घेतलं आणि आपल्या फोटोंवर पुढे शिकवलं. इमेजनेटच्या १००० वर्गांमध्ये संत्रं पण आहे, लिंबू पण आहे, त्यामुळे फळ म्हणजे काय हे त्याला अंदाजे माहीत होतंच. ४००० फोटो पिसले पत्त्यांसारखे, ८० टक्के शिकवायला, २० टक्के टेस्टला, आणि ९८ आले. त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही तर्री पोहे मागवले होते.

कळमना

ऑक्टोबरची सकाळ, ट्रकमधून फळ उतरून राहिलं होतं, हमालांचा गोंधळ, एका ओळखीच्या अडत्या काकाजींनी शेडच्या एका कोपऱ्यात जागा दिली. वर पत्रा, मध्ये मध्ये उजेडासाठी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे, त्यातून उन्हाचे पट्टे खाली, आणि ते पट्टे दर अर्ध्या तासाने सरकत होते. त्यात फळ आंबियाचं. हिरवट, पिवळट, कुठे कुठेच केशरी.

हे नागपूरच्या बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून लिहिते. संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग जायला थंड रात्री लागतात. मृगाचं फळ पूर्ण हिवाळा झाडावर काढून येतं, म्हणून साल गच्च केशरी. आंबियाचं सुरुवातीचं फळ ऑक्टोबरमध्ये आतून तयार होतं तेव्हा आपल्याकडे रात्री अजून गरमच असतात, म्हणून साल हिरवी राहते आणि रस मात्र गोड. आमच्या मॉडेलने जन्मात हिरवं चांगलं फळ पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याने सगळा माल बाजूला काढायला घेतला.

रंगाशिवाय पण होतं. ज्या टोकाला देठ तुटलेला असतो ती खळी कॅमेऱ्यासमोर आली की मॉडेल तिला डाग म्हणायचं, लिंबूवर्गीय फळांवर मशीन व्हिजनचं काम करणारे कित्येक वर्षांपासून या खळीशी झगडताहेत. सालीवर मेणाचा थर आणि तेलाच्या बारीक गाठी असतात, त्यावरून ऊन चमकलं की पांढरा ठिपका, तो पण डाग. गोल फळाच्या कडेला उजेड तिरपा पडतो म्हणून कड काळसर दिसते, ते सडकं.

आणि मावशी. त्या फळ हातात घ्यायच्या, अंगठ्याने फिरवायच्या, देठाजवळ हलकं दाबायच्या, टाकायच्या. एका फळाला सेकंद पण नाही. मी विचारलं तुम्ही काय पाहता, तर म्हणाल्या, "पाहून नाही होत ताई, हातात आलं की समजते. हलकं लागलं म्हणजे आतून पोकळ हाय, साल सुटली अन् फोड वाळली." म्हणजे एक तर वजन, दुसरं दाब, तिसरं सगळ्या बाजू. आमचा कॅमेरा एकच बाजू पाहत होता आणि वजनाचा तर विचारच नव्हता.

परतीच्या गाडीत मी म्हटलं सर, उजेडाचा प्रॉब्लेम आहे आणि बहाराचा, आंबियाचे फोटो टाकून परत शिकवू, पेपर तर मृगावर आहे, त्याला काही होत नाही. सर सीए रोडचं सिग्नल लागेपर्यंत काही बोलले नाही. मग विचारलं, "फोटो किती होते आपले?"

"४०००."

"अन् संत्री?"

किती फोटो, किती फळं

मला कळायला दोन मिनिटं लागली आणि कळल्यावर पोटात गोळा आला. मी फोटो पिसले होते, फळं नाही. एका फळाचे ८ फोटो, त्यातले काही शिकवण्यात, काही टेस्टमध्ये. हिशोब करून पाहा. टेस्टमधला एक फोटो घ्या, त्याच फळाचे बाकीचे ७ फोटो पण टेस्टमध्येच पडण्याची शक्यता ०.२ चा सातवा घात, म्हणजे ७८१२५ मध्ये साधारण एक. म्हणजे टेस्टमधल्या जवळपास प्रत्येक फळाचा भाऊ मॉडेलने आधीच पाहिला होता. सरांच्या गाइडचं वाक्य. क ओळखला की माणूस ओळखला.

दुसऱ्या दिवशी फळानुसार वाटणी केली, एका फळाचे सगळे फोटो एकाच बाजूला. ९८ चे ९० च्या आसपास झाले. मला जरा बरं वाटलं, म्हटलं ९० पण वाईट नाही, आकडा बदलू, पेपर वाचेल. सर म्हणाले आता बाग बदल. तीन बागा होत्या, दोनवर शिकवायचं, तिसरीवर टेस्ट, असं आळीपाळीने तीनदा. ७० च्या आसपास आले, एका बागेवर तर त्याहून खाली.

तरी एक कोडं राहत होतं, की फळानुसार वाटल्यावर ९० येतात कसे, कारण काही खराब फळांवरचे डाग इतके बारीक होते की फोटोत मलाच दिसत नव्हते आणि मॉडेल त्यांना बिनधास्त बाजूला काढत होतं. तेव्हा ग्रॅड-कॅम लावलं, जे निर्णय घेताना जाळं फोटोत कुठे पाहत होतं त्याचा लाल निळा नकाशा काढतं. बऱ्याच खराब फळांच्या फोटोंमध्ये लाल रंग फळावर नव्हताच. ट्रेच्या वरच्या कोपऱ्यात होता, जिथे ट्यूबचा उजेड पडायचा. चौथ्या दिवसाची ट्यूब जास्त पांढरी होती.

माझ्याकडे रोजचे रिकाम्या ट्रेचे फोटो होते, कॅमेरा जुळवायला काढलेले. सर म्हणाले ते दे मॉडेलला. पहिल्या दिवसाचा रिकामा ट्रे दिला, उत्तर आलं एक नंबर. चौथ्या दिवसाचा रिकामा ट्रे दिला, उत्तर आलं बाजूला. फळच नाही, फक्त निळं प्लास्टिक, आणि मॉडेलला पूर्ण खात्री.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं नाही. तोराल्बा आणि एफ्रोस यांनी २०११ मध्ये १२ प्रसिद्ध डेटासेट, म्हणजे फोटोंचे संच, घेऊन मशीनला विचारलं होतं की हा फोटो कोणत्या डेटासेटमधला ते सांग, अंदाजाने सांगितलं तर ८ टक्के बरोबर यायला हवेत, आले ३९. म्हणजे प्रत्येक डेटासेटला आपापला वास असतो. २०१८ मध्ये अमेरिकेत छातीच्या एक्सरेवर न्यूमोनिया ओळखणारं जाळं तपासलं तर ते एक्सरे कोणत्या हॉस्पिटलचा हे ओळखत असल्याचं दिसलं, आणि एका हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचे पेशंट जास्त होते, म्हणून बाहेरच्या हॉस्पिटलचे एक्सरे दिले की आकडे घसरायचे. हे पेपर माझ्या फोल्डरमध्ये होते. माझ्या संदर्भसूचीत त्यातला एक होता.

मागे घेतलेला पेपर

त्या संध्याकाळी सरांनी संपादकांना मेल लिहिला, स्वतः, माझ्याकडून नाही. चार ओळी होत्या. आमच्या डेटाच्या वाटणीत चूक आहे, एकाच फळाचे फोटो दोन्हीकडे गेले, शिवाय प्रकाशाचा फरक प्रतीशी जुळून आला आहे, निष्कर्ष टिकत नाहीत, पेपर मागे घेतो. चूक कोणाची हे त्यात नव्हतं, "आमच्या" एवढंच होतं.

मी भांडले, हे पण लिहिलं पाहिजे. २०१६ च्या यूजीसी नियमांप्रमाणे थिसिस जमा करायच्या आधी रेफरीड जर्नलमध्ये किमान एक पेपर छापलेला लागायचा आणि माझा तो एकच होता. फेलोशिपची पाच वर्षं संपत आली होती. घरी आई सारखी विचारायची, कधी होईल गं. मी म्हटलं सर, फळानुसार वाटलेले ९० टाकू, खोटं तर नाही ना ते. सर म्हणाले, "खोटं नाही, पण तुला माहीत आहे ते ट्यूबलाइटचे आहेत." मी म्हटलं सगळेच असंच छापून राहिलेत, फळांवरचे कितीतरी पेपर वाचले, कोणीच लिहीत नाही की वाटणी फोटोची केली की फळाची. सर म्हणाले, "म्हणूनच. उद्या त्यातल्या कोणाचा आकडा पाहून एखादा शेतकरी गट कर्ज काढून मशीन घेईल, आंबियाचा माल त्यावर टाकेल अन् निम्मा माल दोन नंबरच्या भावात जाईल. त्याला तू हे फोटो अन् फळांच्या वाटणीचं स्पष्टीकरण देशील?"

त्या रात्री मी घरी कोणाशीच बोलले नाही. सरांचा राग आला होता, खूप आला होता, आणि तो दोन तीन आठवडे राहिला. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती, त्यांचं काही जात नाही असं मला वाटलं होतं. त्यांचंही जात होतं. त्याच पेपरच्या जोरावर एक प्रोजेक्ट मंजुरीसाठी गेला होता, तोही त्यांनी परत मागवला, हे मला सहा महिन्यांनी ऑफिसमधून कळलं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा

२०१९ चा मृग आणि आंबिया दोन्ही घेतले. आधी एक रजिस्टर आणलं, लांब, दुकानात खतावणीला वापरतात तसं. पहिला कॉलम बाग, मग झाड, मग बहार, तारीख, वेळ, फळाचा नंबर, आणि शेवटी शेरा, ज्यात ट्यूब बदलली तरी लिहायचं. चांगली आणि खराब फळं एकाच दिवशी, आलटून पालटून ट्रेवर. बागा तीनवरून वाढवल्या, काटोल, कळमेश्वर, नरखेड, मोर्शी. हे कॅमेऱ्याच्या कामापेक्षा जास्त थकवणारं होतं आणि यातलं काहीच पेपरमध्ये दोन ओळींपेक्षा जास्त येत नाही.

उजेडासाठी पेटी केली बंद, आत एलईडी, दिव्यापुढे एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारा फिल्टर, आणि कॅमेऱ्यापुढे दुसरा, पहिल्याच्या काटकोनात. साल चमकते तो उजेड पहिल्या दिशेतच परत येतो, तो दुसऱ्या फिल्टरवर अडतो, आणि सालीच्या आत जाऊन विखरून आलेला उजेड मात्र पोचतो. चमक गेली, लाल्या स्वच्छ दिसायला लागला. बेल्टच्या जागी रोलर, फळ पुढे जाता जाता फिरतं, मावशींच्या अंगठ्यासारखं. आणि रोलरच्या शेवटी वजन. कॅमेऱ्यातून फळाचा व्यास कळतो, त्यातून अंदाजे आकारमान, वजन भागिले आकारमान केलं की पोकळ फळ बरंच वेगळं पडतं. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग आधी काहून नाही लावला काटा?"

सगळ्यात महत्त्वाचा बदल सरांच्या जुन्या वहीतून आला. चाऊ नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये मांडलं होतं की ओळखणाऱ्या मशीनला "माहीत नाही" म्हणायची सोय द्या, आणि किती वेळा तसं म्हटलं तर किती चुका कमी होतात त्याचा हिशोब मांडता येतो. आमचं जाळं रिकाम्या ट्रेलाही खात्रीने उत्तर देत होतं कारण त्याला दुसरा पर्यायच नव्हता. मग नवीन फळ शिकवलेल्या फळांपासून किती लांब पडतं ते मोजायचं ठरलं, आणि त्यासाठी वापरलं संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं १९३६ चं अंतर. हे साधं फुटपट्टीचं अंतर नाही. ज्या दिशेने फळं मुळातच खूप बदलतात, जसं रंग, त्या दिशेने थोडं लांब असलं तरी चालतं, आणि ज्या दिशेने ती बदलत नाहीत तिकडे जरासं सरकलं तरी ते लांब धरायचं. नेमकं हेच हवं होतं. फार लांब पडलं की फळ तिसऱ्या क्रेटमध्ये, आणि तो क्रेट मावशींपुढे. रिकामा ट्रे परत दिला, या वेळी तिसरा क्रेट. सर खुर्चीतून उठून माझ्या स्क्रीनपाशी आले होते.

न पाहिलेल्या बागेवर टेस्ट केली, दरवेळी एक बाग बाहेर ठेवून. ८० च्या घरात आलं, वर काही फळं मावशींकडे. ९८ नाही. पण कळमन्यात नेलं तेव्हा तिथेही ८० च्या घरातच राहिलं, आणि मला आयुष्यात कोणत्याही आकड्याचा इतका आनंद झाला नव्हता.

रस शोषणाऱ्या पतंगाचं मात्र जमलं नाही. तो रात्री येऊन सोंड खुपसतो, सुईच्या टोकाएवढं भोक, पहिले एक दोन दिवस वरून काही कळत नाही आणि मग तिथूनच फळ मऊ पडून सडतं. फोटोत ते भोक आणि तेलाची गाठ सारखीच दिसते. मावशी दाबून ओळखतात, बरेचदा. सडायला लागलेली साल अतिनील प्रकाशात चमकते म्हणून परदेशातल्या पॅकिंग हाउसमध्ये तसे दिवे लावून छाटतात, पण ताज्या भोकाला ते कितपत चालेल यावर आता माझी एक विद्यार्थिनी काम करते आहे.

नवीन पेपर छापून आला, त्यात आकडे बागेनुसार दिलेत, सगळ्यात वाईट बागेसकट, आणि जुन्या चुकीवर एक पूर्ण परिच्छेद आहे. तो परिच्छेद काढा असं एका रिव्ह्यूअरने सुचवलं होतं, आम्ही ठेवला. थिसिस उशिरा झाली, मध्ये लॉकडाऊन पण आलं. सर रिटायर झाले तेव्हा त्यांनी मला एक पत्र्याची पेटी दिली, आत त्यांचे पीएचडीचे चौकोनवाले कागद, पिवळे पडलेले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिणाऱ्याचा नंबर. माझ्या रजिस्टरशेजारीच ठेवलेत.

या आंबियाला वरूडची एक बाग नव्याने जोडली. पहिल्या दिवशी तिथली निम्म्याहून जास्त फळं तिसऱ्या क्रेटमध्ये गेली, साल जरा वेगळी आहे, जास्त खरबरीत. मावशींनी ती छाटली, मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून एकेकाला नंबर टाकला. फोटो उद्या काढायचेत.